बारीक तारेचा आवाज

सर,

काल माझ्या मुलीचा अॅम्प कुरियरने आला. जेवणाच्या डब्याएवढा आहे. त्याला इलेक्ट्रिक गिटार जोडायची आणि फोनवर बोट फिरवून हवा तो आवाज निवडायचा. मोठाल्या स्टेजवरचे कपाटाएवढे अॅम्प, जुने व्हॉल्ववाले अॅम्प, सगळ्यांचे आवाज त्या इवल्याशा पेटीत भरलेले आहेत. नवीन शिकणाऱ्यांसाठीच असतो म्हणे. ती त्यातला सगळ्यात फाटका, खरखरीत आवाज लावून बसली. मी म्हटलं, आधी साधा आवाज ठेव. तर म्हणते, "आई, साधा कायले ठेवू? त्याच्यात तं सगळ्या चुका आयकू येतात." मी स्वयंपाकघरात आले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. दारव्ह्यात राहून मला इतकी वर्षं झाली, तुमचं यवतमाळ काही लांब नाही, पण काल तुमचं घर जितकं जवळ आलं तितकं मधल्या काळात कधी आलं नव्हतं.

तुमच्याकडे मी गिटारसाठी आलेच नव्हते. कॉलेजचं पहिलं वर्ष होतं. तुमची समोरची खोली एका शिंप्याने भाड्याने घेतली होती, त्याच्याकडे ड्रेस शिवायला टाकला होता. तो हातशिलाई संपवीपर्यंत मी बाकावर बसले आणि आतून गिटार ऐकू आली. तांड्यावरच्या मुलीने तोवर गिटार फक्त टीव्हीवर पाहिलेली. डोकावून पाहिलं तर तुम्ही स्वयंपाकघरात, गॅसच्या सिलिंडरशेजारी स्टुलावर बसलेले, आणि काकू मागे पोळ्या लाटताहेत. त्यानंतर मी दर रविवारी शिकायला येऊ लागले. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आयुष्यभर वाजवलेला तुमचा तो जाडजूड अॅम्प ओट्याखाली ठेवलेला असायचा, कारण घरात अर्थिंग नीट असलेला एवढा एकच प्लग होता. दुसरीकडे लावला की तारांमधून बोटांना झिणझिण्या यायच्या. तरीही मला तुम्ही लाकडी पाटावर उभं करायचे आणि मग गिटार गळ्यात द्यायचे. "पाटावरून उतरू नको वो पोरी, तुह्या बापाले काय जवाब देऊ मी?"

तिसऱ्या वर्षाला भिया पुण्याहून दिवाळीला आला तेव्हा माझ्यासाठी डिजिटल अॅम्प घेऊन आला. भिया म्हणजे आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत भाऊ, हे तुम्हाला मीच शिकवलं होतं. तो अॅम्प मी केवढ्या उत्साहाने तुमच्याकडे आणला! एक बटण फिरवलं की आवाज बदलायचा. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून सगळी बटणं पाहिली. "म्हणजे हा दुसऱ्याच्या नकला करते," म्हणालात. मी खरखर पूर्ण वाढवून वाजवून दाखवलं आणि तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून तारा बंद केल्या. "काय लपवून राह्यली? इतक्या धुरात तुह्ये हात कुठी हायेत ते दिसत नाई." त्या दिवसापासून तुम्ही त्या आवाजाला धूरच म्हणू लागलात. धूर कमी कर, अजून कमी कर. शेवटी साधा, कोरडा आवाज उरायचा आणि माझी प्रत्येक चूक काकूंनाही कळायची.

मग गॅदरिंग आलं. मी होळीतल्या लेंगीची चाल बसवली होती, आमच्या तांड्यावर बायका फेर धरून म्हणतात ती. तुमच्यासमोर महिनाभर साध्या आवाजात घासली, पण स्टेजवर गेल्यावर समोरची गर्दी पाहिली आणि मी धूर पूर्ण वाढवला. मुलांनी शिट्ट्या मारल्या. बारीक तारेवरची वरची जागा मी दोनदा चुकले, कुणाला कळलं नाही. तुम्ही पहिल्या रांगेत होतात. खाली आल्यावर मी मान खाली घालून तुमच्यासमोर उभी राहिले, बोलणी खायची तयारी करून. तुम्ही म्हणालात, "छान वाजवलं."

इतक्या वर्षांत तुम्ही मला एकदाही छान म्हटलं नव्हतं. मला वाटलं, तुम्ही माझ्यावरची आशा सोडली. नाहीतर रागावला नसतात का? पुढचे कितीतरी दिवस मी तुमच्याशी तुटकच वागले. आणि एका रविवारी मी निघताना म्हणालात, "ते तुही पेटी ठेवून जाय आठ दिवस. पाहतो काय काय हाय तिच्यात."

पुढच्या रविवारी आले तर काकू मिक्सरवर चटणी वाटत होत्या. तुम्ही पाठमोरे, कानाला हेडफोन लावून गिटार वाजवत होतात. मिक्सर थांबला तेव्हा खोलीत तुमच्या तारांची नुसती टिकटिक उरली. मी दोनदा हाक मारली. काकूंनी खांद्याला हात लावला तेव्हा तुम्ही वळलात, आणि सर, तुमचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. लहान मुलासारखे हसत होतात. "पोरी, बारीक तार आयकू आली! लय वर्सानं आयकू आली."

तुम्ही हेडफोन माझ्या कानाला लावला आणि वाजवलंत. मी तो ओरबाडूनच काढला. सुई टोचावी तसा आवाज होता. तुम्ही आवाजाचं आणि धारेचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं, माझे कान सहन करू शकत नव्हते ते तुम्हाला गोड लागत होतं. तेव्हा मला समजलं. तुम्हीही ओळखलंत की मला समजलं. स्टुलावर बसून हळूच म्हणालात, "त्या दिवशी गॅदरिंगमधी मले नुसता धूर आयकू आला. तू चुकली का नाई, कोणाले विचारू? म्हणून छान म्हटलं. पण तू कोणाले सांगजो नको."

मी म्हटलं, सर, अॅम्प तुमच्याकडेच राहू द्या. तुम्ही एकदम जुने सर झालात. "तू शिकणारी. शिकणाऱ्याले आपला आवाज नीट आयकू याले पायजे. माह्यं झालं शिकून." वायर गुंडाळून, हेडफोनसकट तुम्ही तो स्वतः माझ्या पिशवीत घातलात. मी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, तुम्ही डोळे मोठे केले. तुमचं ऐकायची इतकी सवय होती की मी पिशवी उचलली.

त्यानंतर परीक्षा, मग मारेगावला शाळेत नोकरी, मग लग्न. अॅम्प जुन्या साडीत बांधून माळ्यावर गेला. तुम्ही आणखी दोनेक वर्षं होतात. तुम्ही गेल्याचं मला महिन्याने कळलं. भेटायला आले तेव्हा काकूंनी भिंतीवरची गिटार उतरवून माझ्या मांडीवर ठेवली. तिच्या वरच्या, शिंगासारख्या टोकाचं पॉलिश उडालेलं, लाकडात बारीक खळगे पडलेले. मी विचारलं, हे काय? काकू म्हणाल्या, "दात हायेत त्याह्यचे. दुपारी कोणी नसलं का गिटारीले दात लावून वाजवत बसत. लाकडातून डोक्यात आयकू येते म्हणे. मी म्हटलं, कानाले मशीन लावा. तं म्हणे, गिटार शिकवणाऱ्याच्या कानात मशीन पाह्यली तर पोरं येतीन काय?" मग त्या आत पाणी आणायला गेल्या. मी त्या खळग्यांवरून बोट फिरवत राहिले. तुम्ही लाकूड चावून आवाज शोधत होतात तेव्हा माझी पेटी माळ्यावर धूळ खात होती. मी वाजवतही नव्हते, सर. त्या रविवारी तुमचं ऐकलं नसतं, ओट्याखाली तो अॅम्प गुपचूप सरकवून निघाले असते, तर तुम्ही काय केलं असतं? रागावला असतात, आठवडाभर. नंतर वाजवलंच असतंत.

माझा तो अॅम्प आता बंद पडलाय. दुरुस्त करणारे म्हणतात, आतला भाग मिळत नाही. मुलीचा नवा आहे, त्यात काय काय आहे ते पाहायला तुम्हाला फार मजा आली असती.

हे पत्र टाकायला जागा नाही. काकू मुलीकडे राहायला गेल्या, तुमच्या घरात आता दुसरे लोक आहेत. फक्त एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "इले गिटारीचं याड हाय, एक रविवार चुकवत नाई." मी लाजून तारा जुळवत बसायचे. तसं नव्हतं, सर. हॉस्टेलवर रविवारी सगळ्यांना भेटायला कोणी ना कोणी यायचं. माझे याडी-बापू, म्हणजे आई-वडील, शेत टाकून येऊ शकत नव्हते. तुमच्या घरी काकू तव्यावरची पहिली पोळी माझ्या ताटात टाकायच्या आणि तुम्ही विचारायचे, आठवडाभर काय केलं. त्यासाठी यायची मी.

गिटार मले मागाहून आवडली.