एकास एकशे बावन्न

२४ जून १९७९, रविवार
रिटा दोन्ही मुलांना घेऊन निर्मळला माहेरी गेली. कारण क्षुल्लक. शुक्रवारी बळीरामच्या सायकल दुकानात पेपर वाचत होतो. राशिभविष्य ठळक, चौकटीत. अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा स्कायलॅब पृथ्वीवर पडणार ही बातमी आतल्या पानावर, केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली. मी संतापलो. बळीराम म्हणाला, सर, भविष्यातपन तेच दिलंय की, वरून संकट येनार. मी हातातला हवेचा पंप त्याच्या दिशेने ठेवला. जरा जोरात. दोन टाके.

रिटाची अट: ते यंत्र पडेपर्यंत कुणावर हात टाकायचा नाही. पाळलंस तर येईन, नाहीतर ह्या घरात पाऊल नाही.

सोपं आहे. मी फिजिक्सचा प्राध्यापक. राग ही केमिस्ट्री. आपला विषयच नव्हे.

२६ जून
विचाराअंती: चूक लोकांची नाही. विज्ञानाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. बळीरामच्या दुकानावर फळा लावणार. 'आजचं विज्ञान'. कॉलेजला जाताना रोज दोन ओळी. सहा महिन्यांत गाव बदललं नाही तर नाव फेबियन लावणार नाही.

बळीराम लगेच हो म्हणाला. पंप मात्र आत नेऊन ठेवला. किती हा अविश्वास.

२९ जून
फळ्यावर आज: 'स्कायलॅबचा तुकडा जगात कुणाला तरी लागण्याची शक्यता १५२ त १. घाबरू नये.' आकडा थेट नासाचा. संध्याकाळी फळ्यापुढे ही गर्दी! क्रिकेटच्या स्कोअरलासुद्धा एवढी नसते. डोळे भरून आले. रिटा असायला हवी होती.

३० जून
गर्दी कशाची ते कळलं. मिठागरावरच्या नथूने हिशेब केलाय. दर एकशे बावन्न माणसांत एक मरणार. गावात माणसं नऊशे बारा. म्हणजे सहा. भागाकार बरोबर, हेच दुःख.

मला विचारतो, सर, ते सहा कोन कोन?

शांतपणे समजावलं. अरे, अख्ख्या जगात मिळून एखाद्याला लागेल न लागेल. तो म्हणाला, ते जगाचं झालं, आपल्या गावाच्या वाट्याला सहाच ना? पुन्हा समजावलं. तिसऱ्यांदा समजावताना खडूचा डबा त्याच्या कपाळावर गेला.

हात टाकलेला नाही. डबा टाकला. अटीत डबा नाही.

३ जुलै
गावात मारामारी. वरच्या आळीचं म्हणणं, सहाही जण खालच्या आळीचे घ्या, तिथे म्हातारी जास्त. खालच्या आळीने काठ्या काढल्या. ग्रेसीमावशीच्या पुतण्याने चारचौघांत मावशीचं नाव सुचवलं. वय एक्याऐंशी, तिचं काय राहिलंय, असं म्हणाला मूर्ख. मावशीने त्याला मुसळाने असा झोडपला की सहापैकी एक तरी नक्की झाला असं वाटलं.

मी सोडवायला गेलो. सोडवताना खांदा एकाला, ढोपर दुसऱ्याला, डोकं तिसऱ्याला. माझा पुढचा दात गेला. हात खिशात. शेवटपर्यंत खिशात!

एक मात्र मानलं पाहिजे. विज्ञानाच्या बातमीवर गाव इतकं पेटून उठलेलं मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

८ जुलै, रविवार
चर्चमधली मिस्सा झाल्यावर सासरे निर्मळहून सायकलवर आले. केळ्यांचा फणा आणला. विचारलं, कुणावर हात टाकला का? नाही म्हटलं. खरं तेच सांगितलं. ते माझ्या दाताच्या खिंडीकडे बघत बसले.

म्हणाले, दार आपटलं की रिटा दचकते. थोरली इनेझपण. मी म्हटलं, तुमच्याकडे वारा फार, दारांना आकडे लावून घ्या.

मग म्हणाले, आमच्याकडे नऊ दिवसांची नोव्हेना चालू आहे, प्रार्थनेने यंत्राची दिशा बदलेल. मी खाटेची फळी दोन्ही हातांनी धरली. फळी मोडली. सासरे शाबूत. केवढी ही प्रगती!

१० जुलै
आकडा सोपा करून लिहिला. 'तुम्हाला स्वतःला धोका: सहाशे अब्जात एक.' नथू कपाळाला पट्टी बांधून आला. म्हणाला, सर, सहाचे एकदम सहाशे झाले? फळ्यापुढे बायका रडायला लागल्या.

मी कुणाला शिवलोही नाही. फक्त ओळीतल्या पहिल्या सायकलीला लाथ घातली. पुढच्या अकरा आपोआप गेल्या. बळीरामने मडगार्डचा पत्रा माझ्या पाठीत घातला. उलट मारलं नाही. चावलो.

१२ जुलै, गुरुवार
पडलं! ऑस्ट्रेलियात. माणसाला ओरखडासुद्धा नाही. मी म्हणत होतो तेच झालं.

सकाळी फळ्याशी गेलो तर नथूने झेंडूचा हार घातला. सरांनी वेळेत सांगितलं म्हनून आपले सहा वाचले, म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच हाराने त्याला मारलं, फुलं संपेपर्यंत. हात त्यातही लागला नाही.

नवा शर्ट घातला, मुलांसाठी केक घेतला, निर्मळला गेलो.

रिटाची बॅग भरून ओटीवर ठेवलेली. इनेझच्या पायात सँडल, धाकट्याच्या डोक्यावर टोपी. म्हणजे यायचंच ठरलं होतं. रिटाने एवढंच विचारलं, आता पुढे? कायमचं बंद?

मी म्हटलं, कायमचं. देवाशपथ. आणि शपथ घ्यायला उजवा हात वर केला.

इनेझ मटकन खाली बसली. दोन्ही हात डोक्यावर घेऊन, डोळे गच्च मिटून. रडली नाही. वाट बघत होती.

रिटाने तिला उचललं. मग बॅग उचलली. आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

मी कशासाठी हात वर केला ते कुणी विचारलंच नाही. तो तसाच वर राहिला होता. सासऱ्यांनी मनगट धरून खाली घेतला.