नऊशे नव्व्याण्णव ग्रॅम

२ मार्च

एकोणीस एरर! एका दमात एकोणीस! मॅडमचा कोड त्यांच्या जुन्या मशीनवर अकरा वर्षं बिनतक्रार चालतोय, आणि मी त्याचं पॅकेज करायला घेतलं तर पहिल्याच तपासणीत ही वरात.

का करतेय हे लिहून ठेवते, म्हणजे चिडचिड झाली की वाचता येईल. आमच्या नवजात कक्षाच्या भिंतीवर एक तक्ता आहे – किती आठवड्यांनी जन्मलेलं बाळ किती वजनाचं झालं की घरी पाठवायला हरकत नाही. तो मॅडमनी केला. दीड हजार बाळांच्या नोंदी आणि सहाशे ओळींचा कोड, सगळं एकटीनं. मला संख्याशास्त्रातलं जे काही येतं तेही त्यांनीच शिकवलं. आता त्या निवृत्त आहेत, आणि त्यांचं मशीन तीस तारखेला भंगारात जाणार. तोवर कुठल्याही कॉम्प्युटरवर चालेल असं पॅकेज झालं तर मॅडमची पद्धत टिकेल, दुसरी हॉस्पिटलंही वापरतील. नाही झालं तर डायरेक्टर तयार सॉफ्टवेअर विकत घेणार. "भावना बाजूला ठेवा," म्हणाले. ठेवल्या. एरर मात्र जागचे हलत नाहीत.

३ मार्च

सतरा.

५ मार्च

काखेत कळसा, गावाला वळसा. "फंक्शन सापडत नाही" – आणि फंक्शन समोर, त्याच फाइलमध्ये, माझ्या नाकासमोर! दोन तास नाव तपासत बसले. एकेक अक्षर. शेवटी वन्संना फोन केला. नवऱ्याची थोरली बहीण, वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये, फोनवर कायम काहीतरी चावत असते.

"अगं, तू ते फंक्शन बाहेरच्यांसाठी खुलं केलंस का? माणूस खोलीत बसलाय, पण दाराला बाहेरून कडी आहे. तुझ्या हाका त्याला ऐकू येतात, तो बाहेर येणार कसा?"

फंक्शनच्या डोक्यावर एक ओळ लिहायची होती. एक! लिहिली, चाललं. वन्सं म्हणाल्या, "पहिल्या पॅकेजला सगळ्यांचं हेच होतं. मी तर रडले होते." मला फार बरं वाटलं. त्या रडल्या म्हणून नाही, सांगितलं म्हणून.

६ मार्च

आज चार घालवले, सहा नवे आले. भीक नको पण कुत्रा आवर.

७ मार्च

मॅडम आल्या. वय एकाहत्तर, तीन जिने चढून. लिफ्टची वाट बघण्यात आयुष्य घालवायचं नाही म्हणतात. मी एररची यादी दाखवली, म्हटलं एकेक निस्तरतेय, सोपे सोपे आधी. त्यांनी ती यादी छापायला लावली. कागद टेबलावर ठेवला, पहिल्या ओळीखाली पट्टी धरली आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. अगदी वर्गात वाचतात तशा.

"पहिली चूक आधी. बाकीच्या तिच्याच पोटच्या असतील."

पहिली चूक काय होती? कोड नोंदींची फाइल शोधत होता ती मॅडमच्या मशीनवरच्या मॅडमच्या फोल्डरमध्ये. तो फोल्डर माझ्याकडे असणार कसा? नोंदी पॅकेजच्या पोटातच ठेवल्या, पत्ता बदलला. पुन्हा तपासणी. अकरा एरर एकदम गायब!

मी शाळकरी मुलीसारखी टाळ्या पिटल्या. मॅडम पट्टी पर्समध्ये ठेवत म्हणाल्या, "तो पत्ता मीच तसा लिहिला होता. दुसऱ्या कुणाला कधी लागेल असं वाटलंच नव्हतं मला." स्वतःची चूक अशी सहज सांगणारी माणसं मी फार थोडी पाहिली. आमच्या मजल्यावर तर एकही नाही.

१० मार्च

शून्य एरर. दोन इशारे. इशाऱ्यांना मी भीत नाही.

११ मार्च

भ्यायला हवं होतं. एका फंक्शनच्या माहितीत मी तीन गोष्टी मागितल्यात आणि फंक्शन घेतं चार. दुरुस्त केलं. सगळं स्वच्छ!

आता शेवटची परीक्षा. पॅकेजनं नोंदींवरून काढलेला तक्ता भिंतीवरच्या तक्त्याशी जुळला पाहिजे. अठ्ठावीस ते छत्तीस आठवडे, नऊ ओळी. आठ तंतोतंत जुळल्या. चौतिसाची ओळ नाही. भिंतीवर १८५० ग्रॅम, माझं उत्तर १९१०.

कुठेतरी माती खाल्लीय मी.

१३ मार्च

अजून सापडत नाही. बेरीज पाहिली, भागाकार पाहिला, आठवडे मोजायची पद्धत पाहिली. नवरा म्हणतो, "तुझ्या मॅडमचंच चुकलं असेल तर?" मी त्याच्याशी संध्याकाळभर नीट बोलले नाही. मॅडम चुकतील! हा स्वतःच्या चपला रोज शोधतो.

१६ मार्च

सापडलं.

आमच्याकडे जुना नियम आहे – घरी जाताना बाळाचं वजन घ्यायचं राहिलं तर रकाना रिकामा सोडायचा नाही, ९९९९ लिहायचं. मॅडमचा कोड ९९९९ दिसलं की ते बाळ सरासरीतून वगळतो. मी पॅकेजमध्ये जरा शहाणपणा केला होता, नुसते नऊच नऊ दिसले की वगळ, कितीही असोत. फरक तिथेच पडला. चौतीस आठवड्यांच्या नोंदी टाइप करताना नेहमीचा टायपिस्ट रजेवर होता. बदलीवाल्यानं प्रत्येक वेळी एक नऊ कमी मारला. ९९९.

आणि ९९९ हे आमच्या कक्षात खरं वजन असू शकतं! म्हणून कुणाला खटकलं नाही. एकशे पासष्ट बाळांत ९९९ ग्रॅमची अशी अकरा बाळं, जी कधी नव्हतीच. त्यांनी सगळी सरासरी साठ ग्रॅमनं खाली ओढली.

साठ ग्रॅम म्हणजे बाळाच्या वाढीचे दोन दिवस. अकरा वर्षं या ओळीवरून बाळं घरी गेली.

१७ मार्च

आपलेच दात, आपलेच ओठ. आज मी एक गोष्ट केली. माझी ती शहाणपणाची ओळ पुसून मॅडमची होती तशी ठेवली. तपासणी पास! नऊच्या नऊ ओळी जुळल्या. पॅकेज तयार, मॅडमची पद्धत वाचली, कुणाला काही कळणार नाही.

वीस मिनिटं ते पडद्यावर तसंच होतं. मग माझी ओळ परत लिहिली. लाज वाटली, म्हणून इथे नोंदवते.

१८ मार्च

मॅडमना सांगितलं, त्यांच्या घरी जाऊन. सांगायच्या आधी दोन कप चहा प्याले, त्यांच्या कुंड्यांचं कौतुक केलं. "मुद्द्यावर ये," म्हणाल्या.

अकरा नोंदींचा कागद पुढे ठेवला. त्यांनी पट्टी काढली. मला पाच दिवस लागले ते त्यांना अर्ध्या मिनिटात दिसलं, आणि मला न दिसलेलंही दिसलं. "आपला काटा दहा-दहा ग्रॅमनं सरकतो. तो ९९९ दाखवूच शकत नाही. हे मला तेव्हा दिसायला हवं होतं."

टायपिस्टला एक शब्द बोलल्या नाहीत. कागदाची घडी घातली. मग विचारलं, "त्या ओळीवरून किती बाळं गेली?" मी म्हटलं, माहीत नाही. "मग मोजू."

त्यांचे डोळे भरले होते. मी दुसरीकडे पाहिलं.

१९ मार्च

मॅडम स्वतः डायरेक्टरकडे गेल्या. मी मागे उभी. भिंतीवरची ओळ त्याच तासात बदलून घेतली. डायरेक्टर म्हणाले, "मग ही पद्धत ठेवायचीच कशाला?"

"पद्धत बरोबर आहे. नोंद चुकली आणि मी ती तपासली नाही. अकरा वर्षांची चौतिसाची सगळी बाळं मोजते. एका जरी बाळाचं कायमचं नुकसान झालं असेल तर पॅकेज बंद करा. मी हरकत घेणार नाही."

मी असते तर टायपिस्टचं नाव तीनदा घेतलं असतं. खरं सांगते.

२० मार्च

रजिस्टरं काढली. नवजात कक्षाच्या सिस्टरनी दिली – तेवीस वर्षं त्या कक्षात, बारीक चणीच्या, मोजकं बोलणाऱ्या. कशाला हवीत, विचारलंसुद्धा नाही. फक्त म्हणाल्या, "पानं सांभाळून उलटा, शिवण सैल आहे."

पहिलंच बाळ १८५० वर घरी गेलेलं. चौथ्या दिवशी परत आलं, दूध ओढेना. दुसरंही तसंच. मॅडमनी पेन खाली ठेवलं. पुढे वाचवेना. मी वाचलं – दोन्ही आठवड्याभरात सुधारून गेली, वर्षाच्या तपासणीला आली तेव्हा ठणठणीत. तरी मॅडम पाणी प्याल्या ते दोन घोटच. उरलेली दोनशे दहा बाळं मोजायची आहेत. माझ्या तोंडचं पाणी पळालंय.

२३ मार्च

झाली. दोनशे बारा. पहिली दोन सोडून एकही बाळ १९१०च्या आत घरी गेलेलं नाही. एकही परत आलेलं नाही! तीन वेळा मोजलं. तक्त्यावर १८५० लिहिलेलं, आणि प्रत्येक बाळ त्यानंतर दोन दिवस जास्त राहिलेलं. कारणाच्या रकान्यात प्रत्येक वेळी – "आईला विश्रांती".

मी हसले. म्हटलं, चौतिसाच्याच आया इतक्या कशा दमतात? शेजारच्या ओळींतल्या तर टुणटुणीत दिसतायत! मॅडम हसल्या नाहीत. पट्टी धरून पानामागून पान पाहत राहिल्या. "अक्षरं वेगवेगळी आहेत," म्हणाल्या, "शब्द तेच."

डायरेक्टर पॅकेजला हो म्हणाले.

२४ मार्च

सिस्टरना विचारलं. बाळाला चमच्यानं दूध पाजत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "पहिली दोन परत आली तेव्हाच बोलले होते मी, ही ओळ कमी आहे म्हणून. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, तक्ता शास्त्रीय आहे, आपण त्यात पडायचं नाही. मग मी ड्युटीवरच्या सगळ्या मुलींना सांगून ठेवलं, चौतिसाचं बाळ असलं की दोन दिवस जास्त ठेवायचं. रकान्यात काहीतरी लिहावं लागतं, म्हणून ते."

मॅडम माझ्या मागे दारात उभ्या होत्या. त्यांनी सिस्टरचं पूर्ण नाव विचारून लिहून घेतलं. परत येताना जिन्यात मला विचारलं, "पॅकेजच्या लेखकांत पहिलं नाव कुणाचं टाकलंयस?"

तुमचं, म्हटलं.

"एक ओळ खाली घे."