पेजेनं की नळीनं

माय, वहिनीनं परवा मला एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर मला देता आलं नाही. "बाई, तुमी शिकल्या-सवरल्या आहा, तं सांगा. माय माह्या पेजीनं गेली, का त्या नळीनं?" इतक्या वर्षांत तिनं हे कधी ओठांवर आणलं नव्हतं. मी पदवी घेऊन आले, घरातली पहिली. मुलींच्या शाळेत शिकवते, गावातले लोक कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. पण तू कशानं गेलीस, हे मला माहीत नाही.

तिनं उगीच विचारलं नव्हतं. दवनीवाड्याला, तिच्या माहेरी, तिच्या बापाचा घास छातीत अडकतो. भात सुटला, आता पेजही थांबून थांबून उतरते. नागपूरचा डॉक्टर म्हणतो, नळी घालून आत बघू, वाट आखडली असेल तर रुंद करू. तिचे भाऊ म्हणतात, तू सासूचं पाहिलंस, तूच सांग. तेव्हा बघ माझी पंचाईत झाली. नळीनं गेलीस म्हणावं, तर तो म्हातारा घरीच वाळून जाईल. पेजेनं म्हणावं, तर तो जाईल नागपूरला, पण सासूला आपण मारलं हे ओझं वहिनी जन्मभर वाहील. आणि खरं सांगू? ती चुलीपुढे मान खाली घालून बसली होती, तेव्हा माझ्या जिभेवर 'पेजेनं' हाच शब्द आला होता.

तुला आठवत असेल, झाडाची लाख धुवायचं जहाल सोड्याचं पाणी मडक्यात होतं आणि शेतातून तहानलेली आलेली तू ते पेज समजून प्यालीस. आत जखम झाली, ती भरताना नरडं आतून आवळत गेलं. नागपूरचा डॉक्टर मी शोधला, माय. कॉलेजातल्या बाईंना विचारून विचारून मी शोधला. तो मला इंग्रजीत समजावतो आहे, मी उभी आहे, तू बाकावर वहिनीला टेकून बसली आहेस. नळी काठीसारखी सरळ असते, तो म्हणतो, अन्ननलिका मऊ. टोकाला बारीक दिवा असतो, पण वाकडी वाट दिव्यालाही दिसत नाही. क्वचित भोक पडतं. मी विचारलं, क्वचित म्हणजे किती? तो म्हणाला, ज्याला पडतं त्याला ते पुरतं पडतं. हे सगळं मी तुला आपल्या बोलीत सांगितलं. तू ऐकलंस आणि वहिनीकडे तोंड वळवून म्हणालीस, "तुले काय वाटते वो?" ती म्हणाली, "भात खाऊशा वाटते ना तुमाले? मंग जा." झालं. तू उठलीसच.

पहिल्या खेपेला सगळं नीट पार पडलं. बाहेर आलीस तेव्हा घसा बसलेला, तरी जीभ तीच. "बाजारात गारोडी तलवार गिरते तं लोक टाळ्या वाजवते. मी एवढी मोठी नळी गिरली, कोनी वाजवली का?" आम्ही हसलो. घरी येऊन तू मऊ भात खाल्लास. अख्खा पावसाळा, मग धानाच्या कापणीपर्यंत, तू भात खाल्लास. तुझं हाड पुन्हा झाकलं गेलं. ते नळीनं दिलं, हे कोणी नाकारू नये. पण त्या पहिल्या जेवणाला तू ताटावर कोणाला बोलावलंस? मी दारात उभी होते. तू वहिनीला म्हणालीस, "ये, माह्या संगं बस."

मग वाट पुन्हा आखडली, डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं की आखडेल. दुसऱ्या खेपेला तू बाहेर आलीस ती छाती धरून. डॉक्टर म्हणाला, उद्या मी पाहीपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही. मी वहिनीला बजावलं, काही खायला देऊ नको, आणि औषध आणायला गेले. आपल्याकडे पेजेला खाणं कोण म्हणतं? 'जेवलास का?' म्हटलं तर पेज प्यालेला माणूसही 'नाही' म्हणतो. तू मागितलीस, तिनं लोटीतली पाजली. संध्याकाळी तुझी मान सुजली, बोट लावलं की कातडीखाली कुरकुर वाजायचं. डॉक्टर म्हणाला, भोक नळीनंच पडलं. पेज गेली नसती तर ते बुजलं असतं का? त्यानं खांदे उडवले.

तिनं पाजली याचा राग मला कधीच आला नाही. तू तिच्याकडे मागितलीस, हे मात्र मला अजून सोसत नाही. तुझ्या नरड्यातला शेवटचा घोट तिच्या हातचा, आणि त्या घोटाचा दोषही तिचाच. मला त्या दोषाचासुद्धा हेवा वाटतो, माय. असं कोणाला वाटत असेल का?

परवा मी तिच्याशेजारी बसले आणि जेवढं माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. भोक नळीनं पडलं. पेजेनं काय केलं ते डॉक्टरलाही ठाऊक नाही, मलाही नाही. पण माय कापणीपर्यंत भात जेवली ती नळीमुळेच. तुझ्या बाबांना नागपूरला ने. मग न राहवून म्हणाले, "मायनं माझ्याकडे का नाही मागितली?"

ती म्हणाली, "अवो बाई, तुमी देल्या असत्या का? नसत्या देल्या. त्या वरखत होत्या तुमाले, तुमचा सभाव ठाऊक होता त्यायले. म्हनून तं तुमी गेल्यावर मांगितल्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही म्हाताऱ्याला घेऊन नागपूरची गाडी धरली.

हे मी नागपूरच्या इस्पितळाच्या व्हरांड्यात लिहिते आहे. टपालात टाकायला याला पत्ता नाही. म्हाताऱ्याला सकाळी नळी घातली. मान ठीक आहे, ताप नाही. तोंडानं काहीच नको, थुंकीसुद्धा थुंकून टाका, असं सांगितलं आहे. तो दर थोड्या वेळानं लेकीला हाक मारतो, ओठ ओले करायला पाणी मागतो. ती जवळ असती तर तिनं दिलं असतं. म्हणून वहिनीला मी दुपारच्या गाडीनं गोंदियाला परत पाठवलं. रडत गेली. मी तिला सांगितलं, हे बाबांच्या जिवासाठी आहे, आणि ते खरंच आहे. पण गाडी सुटली तेव्हा मला बरं वाटलं, माय. आता खाटेपाशी मीच आहे.