फुआतीनोच्या दारातल्या पेट्या

मंगळवार, ४ जून
फुआतीनो गेली. मधुमेहानं नेली. मासे डबाबंद करायच्या आमच्या कारखान्यात बातमी आली तेव्हा पट्टा चालूच होता. मुकादमीण म्हणाली, "रडायचं ते जेवणाच्या सुट्टीत!" शी!

बुधवार, ५ जून
लिंबू घासघासून हात सोलवटले, तरी टुना माशाचा वास जात नाही. कामाच्या पहिल्या दिवशी या वासानं मी भडाभडा ओकले होते – थेट तिच्या बुटावर! ती म्हणाली, "झालं! आता आपलं नातं जुळलं." तेव्हापासून आम्ही दोघी पट्ट्यावर शेजारी, मासे साफ करत. चर्चमध्ये बायका नाकाला रुमाल लावून सरकून बसायच्या. ही मुद्दाम त्यांना मिठ्या मारायची!

गेल्या महिन्यात इस्पितळात माझा हात धरून म्हणाली, "सिएनी, जन्मभर हाच वास गं. माझ्या मयताला तरी माशांच्या डब्यांची एकही पेटी दारात राहू देऊ नकोस. शब्द दे." दिला. आमच्या सामोआत जितक्या पेट्या दारात येतील तितका मयताचा मान, आणि हिला एकही नको! वेडी बाई. मीही वेडीच.

गुरुवार, ६ जून
तिच्या आईला सांगायला गेले. म्हातारी मयताला येणाऱ्यांना द्यायच्या चटया घडी घालत होती. मला बोलूच दिलं नाही. "पेट्या आल्या नाहीत तर लोक म्हणतील, पोरीला कुणी नव्हतं." आणि कोण किती आणेल याचा अंदाज बांधत बसली. लेक अजून शवागारात! मी उठून घरी आले.

शनिवार, ८ जून
आज मयत. फुआतीनोच्या दारात कारखान्याचा ट्रक आला. वीस पेट्या – आमच्याच हातचा माल, तोही चेपलेल्या डब्यांचा! साहेब पेट्यांशेजारी उभा राहून फोटो काढून घेत होता. आलेला आहेर पुकारणारा गावचा मानकरी काठी टेकून ओरडला, "वीस पेट्या! केवढं हे प्रेम!" आणि त्याच रुमालवाल्या बायका माना डोलवत होत्या. किळस आली.

मी उठले. एक पेटी उचलली आणि परत ट्रकमध्ये टाकली. मग दुसरी.

मानकरी गरजला, "सिएनी, खाली बस! गावाची अब्रू घालवतेस!"

बसले नाही. वीसच्या वीस चढवल्या. मग मला दंडाला धरून बाहेर काढलं. मूठभर मातीसुद्धा टाकू दिली नाही.

सोमवार, १० जून
मानकऱ्याचा अपमान केला म्हणून पंचांनी दंड ठोठावला. चाळीस पेट्या. माशांच्याच! शुक्रवारपर्यंत भरल्या नाहीत तर सगळं घर गावाबाहेर. भाऊ म्हणाला, "मेलेल्या बाईपायी माझी पोरं रस्त्यावर आणलीस." त्याचं चुकलं नाही. पण मी तरी काय करणार होते? या गावाची, या पंचांची, माझ्या स्वतःच्या हातांचीसुद्धा शिसारी आली आहे.

शुक्रवार, १४ जून
मुदत मागायला पंचांकडे गेले. म्हणाले, दंड कालच भरला. फुआतीनोच्या आईनं.

तशीच तिच्याकडे धावले. म्हातारीनं मान वर केली नाही. "पेट्या नकोत, असं मलाही सांगितलं होतं तिनं. मला धीर झाला नाही."