फडताळातला फिका मध

आई, यंदा मी मध कुणालाच दिला नाही. तिन्ही पेट्या जिवंत आहेत, माश्यांची दारात नुसती ये-जा चालू आहे, वरचा मधाचा खण उचलताना दोन हात लागतात, आणि तरी दारात आलेल्या माणसाला मी खुशाल सांगते, "औंदा मध नाय झाला." गेल्या आठवड्यात शाळेतल्या जुन्या बाई रिक्षा करून आल्या, रिकामी बरणी धुऊन-पुसून घेऊन. त्यांनाही हेच सांगितलं. बाई गेल्या आणि मी ओट्याला टेकून उभी राहिले, कारण ते बोलताना आवाज माझा नव्हताच. तुझा होता. अगदी तोच, खाली बघून, पदर सारखा करत बोललेला.

झालं असं, की पाऊस दिवाळीपर्यंत हटला नाही. पावसाळ्यात पेट्यांना साखरपाणी द्यावंच लागतं, ते मी देत होतेच, पण भातकापणी उरकून पेट्या नीट उघडल्या तर आत मधाचा थेंब नाही आणि मूठभर माश्या राणीभोवती दाटीवाटीने बसलेल्या. पेट्या तुझ्याच आहेत, निळ्या रंगाच्या. तू गेल्यावर आठ वर्षं त्या पडवीत रिकाम्या पडून होत्या, नंतर मी त्यांत पुन्हा माश्या आणल्या. आता माझ्या हातून त्या परत रिकाम्या व्हायच्या, हे मला काही केल्या सोसणार नव्हतं. साजगावच्या कंपनीतली माझी पाळी तीनला सुटते, दहिवलीत घरी यायला साडेचार होतात. आल्या आल्या चहाच्याही आधी साखरपाणी. जेवढी साखर तेवढंच पाणी, कोमट करून वाटीत, वर सुक्या गवताच्या काड्या, म्हणजे माश्या बुडत नाहीत. उन्हं उतरल्याशिवाय वाटी आत ठेवायची नाही, नाहीतर शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात. सगळं तू शिकवलंस तसंच केलं.

पौषात आंब्याला मोहर आला आणि मी वाट्या उचलल्या. फुलं आली की साखर बंद, एवढं तर मला झोपेतसुद्धा ठाऊक आहे. पण चार दिवस आभाळ भरून राहिलं, मोहर काळा पडला आणि एका सकाळी बघते तर मधल्या पेटीच्या दाराशी मेलेल्या माश्यांचा सडा. त्याच संध्याकाळी वाट्या परत ठेवल्या आणि मग त्या उचलायचा धीरच होईना. जांभूळ फुललं, परसात उभं राहिलं की डोक्यावर घूं घूं ऐकू येतं, तरी मी आपली वाटी घेऊन तयार. हे म्हणायचे, "अगं, झाडं फुलल्यात सगळी, आता तरी पुरं कर!" मी म्हणायची, "आजच्या दिवस." असे आजचे दिवस वीस झाले.

चैत्रात वरचा खण उघडला. जांभळाचा मध काळसर निघतो, जिभेला जरा तुरट लागतो. माझ्या हातातली पोळ्याची चौकट फिकी पिवळी होती. बोट लावून चाटलं. गोड. नुसतं गोड, त्याला ना वास ना चव. माश्यांनी माझं साखरपाणीच इमानदारीने वर नेऊन साठवलं होतं. तशी चौकट हातात धरून मी उभी होते आणि मला कळलं, की हा मध मी ओळखते. हा मी खाल्लेला आहे, लहानपणी, एक अख्खं वर्ष.

मी अकरा वर्षांची आहे. तू चुलीपुढे भाकऱ्या थापते आहेस. भिसेगावच्या डॉक्टरीणबाई उंबऱ्याशी उभ्या आहेत, त्यांच्याकडे दरसाल चार बाटल्या जातात. तू म्हणतेस, "औंदा मध नाय झाला, बाई." आणि मी शहाणी लगेच बोलते, "हाय की गं आये, फडताळात चार बाटल्या हायत!" तू पिठाच्याच हाताने माझ्या दंडाला असा चिमटा काढलास, की आठवलं तरी दंड चोळावासा वाटतो. बाई हसून म्हणाल्या, "असू दे, घरच्या पोरांना नको का?" त्या गेल्यावर तू एवढंच म्हणालीस, "तोंड आवर जरा." वर्षभर आम्ही दोघं भावंडं तो फिका मध भाकरीशी खात होतो. मला वाटायचं, काळा लोकांना आणि हा छान सोन्यासारखा आपल्याला. आमची आई लबाड आहे आणि चिक्कूही आहे, पण आपल्या बाजूने आहे. आई, मी हेच धरून चालले, एवढी वर्षं.

आणि नुसतं धरून चालले नाही, सांगत सुटले. सासरी सांगितलं, कंपनीत डबा खाताना सांगितलं, तुझ्या तेराव्याला जेवणं झाल्यावरसुद्धा सांगितलं. माणसं खळखळून हसली, कुणी डोळे पुसले. तू साखर घातल्याचं बोलली का नाहीस, ते आता मला न सांगता कळतं. "हिनं साखर घातली" एवढंच गावभर फिरलं असतं, का घातली ते कुणी विचारलं नसतं, आणि पुढच्या साली चांगला मधही कुणी घेतला नसता. खोटं बोललीस, पण खोटा मध विकला नाहीस. त्या वर्षी तुझ्याही पेट्या मरायला टेकल्या असणार, आणि तूही अशीच आजच्या दिवस, आजच्या दिवस करत वाटी ठेवत राहिली असणार. हे सुचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तू घाबरायचीस हे मला माहीतच नव्हतं.

म्हटलं, आता भेटेल त्याला खरं सांगायचं. परवा भावाच्या मुलीची हळद होती. मांडवात सगळे बसलेले, शाळेतल्या बाईही होत्या. भावाने रंगात येऊन तीच गोष्ट काढली, "आमची आये म्हंजे मधाची अशी चिक्कू..." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण चिमट्याचा भाग नेहमी मी सांगते. खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण ते सांगायचं तर माझ्या पेट्यांतली साखरही सांगावी लागली असती, आणि समोर बाई बसल्या होत्या.

मी चिमट्याचा भाग सांगितला, आई. नेहमीपेक्षा जरा रंगवूनच.