एका शिंप्याची मुलाखत

१४ तारीख, मंगळवार, दुपार

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे, खोकला कमी झालाय. आईला म्हणावं, दोन्ही वेळा नीट जेवते. खोलीची खिडकी अजून लागत नाही, तिला पुठ्ठा लावलाय.

प्रबंध कुठवर आला म्हणून विचारलंस. सध्या थांबलाय. का, ते सांगायला तीन कागद फाडून झाले.

इथल्या विस्थापितांच्या छावणीत मदत कुणापर्यंत पोचते आणि कुणाला चुकते, हे मी लोकांना विचारत होते. पद्धत अगदी काटेकोर होती. आधी संमतीपत्र, मग मुलाखत. नाव कुठेच नाही, फक्त क्रमांक. सतरा क्रमांकाच्या माणसाने सांगितलं की वाटपप्रमुख ओळखीच्यांना दोनदोन ब्लँकेटं देतो. मी ते अहवालात घातलं. खाली लिहिलं, 'शिंपी, एका पायाने अधू.'

ताई, अख्ख्या छावणीत शिंपी एकच आहे.

मदत संस्थेच्या बैठकीत मीच अहवाल वाचला. वाटपप्रमुख हसून म्हणाला, "हा तर आपला लंगडा." मला तेव्हाच कळलं, माणूस ओळखला गेलाय. पण मी पुढचं पान वाचायला घेतलं. तेव्हा बोलायला हवं होतं.

चार दिवसांनी शिंप्याचा तंबू काढून घेतला. त्याला नाल्याजवळच्या गळक्या तंबूत टाकलं. त्याची लेक बाळंतीण, बाळ नऊ दिवसांचं. मी गेले तेव्हा तो मशीन पुसत होता. वर न बघताच म्हणाला, "मॅडम, नाव लिहिणार नाही म्हणाला होतात. नाही लिहिलंत, खरं आहे."

मार्गदर्शक सरांकडे गेले. ते म्हणाले, "नियम कुठे मोडलाय? अभ्यासाच्या मर्यादांमध्ये एक परिच्छेद टाक." मी रात्रभर तो परिच्छेद लिहायचा प्रयत्न केला. जमला नाही. सकाळी विद्यापीठाच्या समितीला आणि मदत संस्थेच्या मुख्य कार्यालयाला सगळं कळवलं, स्वतःच्या सहीने.

काल शिंप्याच्या घरच्यांना कोरडा तंबू मिळाला. वाटपप्रमुखाची चौकशी लागलीय. समितीने माझा अभ्यास थांबवलाय, एक्केचाळीस मुलाखती कपाटात बंद. पुढे काय, ते ठरवतील. बाकीच्या चाळीस जणांमध्येही असं कुणी ओळखू येत असेल का, म्हणून मी मनातल्या मनात याद्या चाळत बसते.

शिंप्याने संमतीपत्र मागितलं. दिलं. "आता तुम्हीच फाडा," म्हणाला. मी फाडलं. बाळ कसं आहे विचारलं, तर लेकीने पडदा ओढून घेतला.

बाबांना इतक्यात सांगू नकोस. फोन केला असता तर तू लगेच म्हणाली असतीस, "होतात गं चुका." ते ऐकून मला बरं वाटलं असतं, आणि मला अजून बरं वाटायला नकोय.

तुझीच,
धाकटी