काळा पडलेला लॅपटॉप आणि शेजारचे टेबल

प्रति,
मा. शाखाप्रमुख,
तक्रार निवारण शाखा,
पाणीपुरवठा कार्यालय.

विषय : लॅपटॉपचा पडदा संशयास्पदरीत्या काळा पडल्याची चौकशी होणेबाबत, तसेच शेजारील टेबल न हलविणेबाबत.

संदर्भ : शेजारच्या टेबलावरील वरिष्ठ लिपिक बाईंचा टेबल बदलून मिळण्याचा अर्ज (मला दाखविण्यात आलेला नाही, पण आहे, हे मला माहीत आहे).

महोदय,

मी आपल्या शाखेत टंकलेखक आहे. माझ्याविषयी आपल्या कानावर बरेच काही घालण्यात आले असेल, तरी हा अर्ज शेवटपर्यंत वाचावा.

१. गेल्या गुरुवारी सकाळी मी लॅपटॉप सुरू केला असता त्याचा दिवा लागला, पंखा फिरू लागला, सुरू झाल्याचा आवाजही आला. पडदा मात्र काळाठिक्कर राहिला. मी बटण दाबून धरून तो बंद केला व पुन्हा सुरू केला. चार्जर काढून पाहिला, लावून पाहिला. उजेड वाढविण्याचे बटण दाबले. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून आत काही पुसट दिसते का तेही पाहिले. माझाच चेहरा दिसला. आतून सगळे सुरळीत आणि बाहेरून अंधार, हा प्रकार आपोआप घडत नाही असे माझे ठाम मत झाले.

२. आदल्या संध्याकाळी संगणक तंत्रज्ञ सभागृहातील मोठ्या पडद्याची चाचणी घ्यायची म्हणून माझ्या टेबलाशी घुटमळत होते. सोबत भांडारपाल होते. मी नवीन खुर्ची मागितल्यापासून हे गृहस्थ माझ्याशी तोंडदेखले गोड बोलतात. त्यातच गुरुवारी सर्व शाखा प्रशिक्षणासाठी पलीकडच्या सभागृहात बसलेली आणि मला निरोप नाही. निरोप फळ्यावर लिहिला होता असे शिपाई सांगतात. फळा माझ्या पाठीमागे आहे, हे शिपायांना चांगले ठाऊक आहे.

३. सबब मी सापळा लावण्याचे ठरविले. मी जुन्या टंकलेखन यंत्रावर शिकलेला माणूस आहे. टंकताना पडद्याकडे बघण्याची मला गरज नसते. पासवर्ड बोटांना पाठ आहे आणि लॅपटॉप सुरू होताच कोरे पान उघडते. त्या अंधारात मी शाखेतील प्रत्येकाविषयी एकेक बोचरी ओळ टंकली. जो कोणी गुपचूप माझे लिखाण वाचत असेल तो चिडेल आणि आपोआप उघडा पडेल, असा हिशेब होता. भिंतीपलीकडून हशा ऐकू येत होता. प्रशिक्षण रंगलेले दिसते, असे मनात म्हणत मी टंकत राहिलो.

४. न्यायाच्या दृष्टीने कोणालाही वगळणे योग्य नव्हते, म्हणून मी शेजारच्या बाईंविषयीही लिहिले. डबा देण्याच्या निमित्ताने या माझे कागद वाचतात व वर पोहोचवतात, असे लिहिले. ही ओळ संपली आणि पलीकडचा हशा एकदम थांबला. चहाची सुट्टी झाली असावी असे मी समजलो.

५. सापळ्याचा परिणाम माझ्या अपेक्षेबाहेर आला. सगळेच चिडले. शिपाई माझ्या टेबलावर पाणी ठेवेनात. भांडारपालांनी मात्र पुन्हा न मागता नवीन खुर्ची पाठवून दिली. मनात खोट असल्याशिवाय असे घडत नाही. तंत्रज्ञांना बोलावले असता त्यांनी माझ्या टेबलामागच्या भिंतीतून गेलेली एक वायर उपसून काढली आणि पडदा तत्काळ उजळला. काका, लॅपटॉप ठणठणीत आहे, चाचणीनंतर सगळं चित्र तिकडेच जात होतं, तुम्ही लिहिलेलं सगळं हॉलमध्ये भिंतीएवढं दिसलं, असे ते म्हणाले व हसू दाबत निघून गेले. ही वायर काढायला ते विसरले, असे त्यांचे म्हणणे. नेमकी हीच वायर आणि नेमके गुरुवारीच विसरले, यावर माझा विश्वास बसत नाही. आपल्याविषयीही एक ओळ होती. आपण ती वाचली असल्यास सापळ्याचा भाग समजावी. वाचली नसल्यास हे वाक्य वगळावे.

६. आता बाईंविषयी. माझी पत्नी गेल्यापासून बाई दुपारी आपल्या डब्यातला अर्धा घास काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवत आल्या आहेत. कधी विचारपूस नाही, कधी सांत्वन नाही; नुसते झाकण उलटे करून त्यात वाढून ठेवणे. यामागे हेतू काय, असा संशय मी सुरुवातीला घेतला होता हे खरे. पण तो केव्हाच फिटला होता. ती ओळ लिहिताना मला ती खोटी असल्याचे माहीत होते. गुरुवारपासून बाई भिंतीकडे तोंड करून जेवतात. दोन्ही टेबलांच्या मध्ये त्यांनी फाईलींचा गठ्ठा रचला आहे. मला जेवण जात नाही.

७. त्यांची माफी मागण्याचा मी प्रयत्न केला. समोर उभा राहिलो की शब्द सुचत नाहीत, म्हणून टंकून द्यावे असे ठरविले. परंतु पडदा आता उजळ आहे. ओळ दिसली की तिच्यात लाचारी दिसते, कधी आव दिसतो, आणि मी ती खोडतो. सकाळपासून मी एवढेच करीत आहे.

तरी चौकशीची माझी मागणी मी तूर्त स्थगित ठेवतो. सोडून देत नाही. बाईंच्या अर्जावर आपण सही करण्यापूर्वी एकदा सर्व शाखेस सभागृहात बसवावे, बाईंना पहिल्या रांगेत बसवावे आणि वायर पुन्हा माझ्या लॅपटॉपला जोडावी. मी भिंतीच्या अलीकडे एकटा बसेन. माझा पडदा काळाच राहील, म्हणजे लिहिलेले मला खोडता येणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
टंकलेखक, तक्रार निवारण शाखा
दिनांक : सोमवार, जेवणाच्या सुट्टीत

सोबत : सदर वायर (पुरावा म्हणून ताब्यात घेतली होती, जोडण्यासाठी परत करीत आहे).